ब्रेकवॉटरला दगड किती लागेल? पहिल्यांदा एस्टिमेट करणाऱ्यांसाठी सगळ्या स्टेप्स

डिप्लोमा झाला, कुठल्यातरी काँट्रॅक्टरकडे लागलात, आणि पहिल्याच महिन्यात साहेबांनी ड्रॉइंगची गुंडाळी हातात ठेवून सांगितलं की याला दगड किती लागेल ते काढ. माझं असंच झालं होतं. कोकणातल्या एका छोट्या मच्छीमार बंदराच्या ब्रेकवॉटरचं, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाचं काम होतं, रस्ते-गटारं यांची एस्टिमेट मी केलेली, म्हणून वाटलं की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, त्यात काय एवढं. पहिलं एस्टिमेट इतकं चुकलं की दुसऱ्या सीझनला खाणवाल्याकडे परत जाऊन दगड मागायची वेळ आली. तेव्हा मला कुणी बसवून सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून हे लिहितोय.

हे सगळं दगडी ढिगाऱ्याच्या, म्हणजे रबल माउंड ब्रेकवॉटरबद्दल आहे. आपल्याकडच्या बहुतेक बंदरांत हाच असतो. आत बारीक-मोठा सरमिसळ दगड, त्याला गाभा किंवा कोअर म्हणतात, त्यावर मध्यम दगडाचा थर, आणि सगळ्यात बाहेर लाटा झेलणारा आर्मर, तो मोठ्या दगडांचा नाहीतर टेट्रापॉडचा, म्हणजे काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांचा. पायथ्याला टो, म्हणजे उताराला खालून आधार देणारा दगडांचा पट्टा असतो, माथ्यावर काँक्रीट. रत्नागिरीत असाल तर भगवती बंदराच्या ब्रेकवॉटरवर ओहोटीच्या वेळी एक चक्कर मारा, आणि टेट्रापॉड म्हणजे काय ते मुंबईत मरिन ड्राइव्हच्या कठड्यावरून खाली बघितलं की कळतं. कागदावर डोकं घालायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघाच.

आणखी एक. डिझाइन आपण करत नाही. लाटेची उंची, आर्मरचं वजन, उतार हे कन्सल्टंट ठरवतो, आणि मोठ्या कामांत खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, जे १९१६ पासून आहे, छोटं मॉडेल बांधून त्यावर लाटा सोडून तपासतात. आपलं काम म्हणजे त्या डिझाइनला किती टन, किती नग, किती फेऱ्या आणि किती दिवस लागतील ते काढणं.

१. आधी हे कागद गोळा करा, मगच एक्सेल उघडा

- मंजूर ड्रॉइंग: लेआउट, प्रत्येक टप्प्याचं क्रॉस सेक्शन, टोकाचं वेगळं सेक्शन
- समुद्रतळाचा सर्व्हे, म्हणजे बॅथिमेट्री, कधी केलाय त्या तारखेसकट
- बोअरहोलचा रिपोर्ट, तळ खडक आहे की वाळू की चिखल ते कळायला
- मॉडेल टेस्ट झाली असेल तर तिचा रिपोर्ट
- भरती-ओहोटीच्या पातळ्या आणि चार्ट डेटमचा (समुद्राच्या नकाशाच्या झीरोचा) बेंचमार्क, म्हणजे पातळीची पक्की खूण
- खाणीतल्या दगडाचा लॅब रिपोर्ट: घनता, पाणी शोषणं, झीज
- टेंडरमधलं पेमेंटचं कलम, टनावर की घनमीटरवर
- सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी आणि तिच्या अटी, खाणीचा परवाना, स्फोटकांचा परवाना

शेवटच्या ओळीचा एस्टिमेटशी काय संबंध असं वाटेल. संबंध आहे, कारण परवानगीत डंपर अमुक वेळेतच चालतील असं लिहिलेलं असलं की रोजच्या फेऱ्या कमी होतात, आणि दगड मिळतोय पण पोचत नाही अशी गत होते.

साधनं फार लागत नाहीत. एक्सेल, ड्रॉइंग उघडायला ऑटोकॅड, लेव्हल, आणि तळ स्वतः तपासायला शिसं बांधलेली खुणांची दोरी. इको साउंडर (आवाजाने खोली मोजणारं यंत्र) असला तरी दोरी ठेवा, मऊ चिखलात साउंडर आणि दोरी वेगवेगळं सांगतात आणि ते कळणं फार कामाचं आहे.

२. पातळ्या एकाच झीरोवर आणा (माझी सगळ्यात मोठी चूक)

समुद्राच्या नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून मोजलेली असते, चार्ट डेटम म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी. जमिनीवरचा सर्व्हेवाला मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतो. मुंबईला या दोन्हींत साधारण २.५ मीटरचा फरक आहे. प्रत्येक बंदराला हा फरक वेगळा, तो तिथल्या भरतीच्या तक्त्यावरून किंवा बंदर खात्याच्या बेंचमार्कवरून घ्यायचा, शेजारच्या गावाचा उचलायचा नाही.

चुकलं तर काय होतं ते आकड्यात बघा. समजा तळ चार्ट डेटमच्या ५ मीटर खाली आहे आणि गाभ्याचा माथा डेटमच्या ३.५ मीटर वर. उंची झाली ८.५ मीटर. माथा ६ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना १ ला १.५ उतार (१ मीटर उंचीला १.५ मीटर आडवं) धरला तर गाभ्याचं क्षेत्रफळ येतं १५९.४ चौरस मीटर (माथ्याची रुंदी गुणिले उंची, अधिक उतार गुणिले उंचीचा वर्ग). आता माथ्याची पातळी सर्व्हेवाल्याने समुद्रसपाटीवरून दिली, म्हणजे तोच माथा त्याच्या हिशोबात फक्त १ मीटर वर, आणि तुम्ही ती न बघता चार्टच्या ५ मीटर खोलीला जोडली तर उंची झाली ६ मीटर, क्षेत्रफळ फक्त ९०. चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त दगड कागदावरूनच गायब! मी हेच केलं होतं, फरक याच्यापेक्षा कमी होता एवढंच. आता मी शीटच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो की "सर्व पातळ्या चार्ट डेटमवर", आणि दुसऱ्याकडून आलेला प्रत्येक आकडा कुठल्या झीरोवर आहे हे विचारल्याशिवाय भरत नाही.

३. सरासरी खोली घेऊ नका, दर २० मीटरला सेक्शन काढा

ब्रेकवॉटर किनाऱ्यापासून निघतो तेव्हा खोली शून्य असते आणि टोकाला ७-८ मीटर. घाईत लोक काय करतात, मधली खोली धरतात आणि लांबीने गुणतात. पण वरचं सूत्र बघा, त्यात उंचीचा वर्ग आहे, त्यामुळे खोल भागातला दगड फार वेगाने वाढतो आणि तो मधल्या खोलीत पकडला जात नाही.

तोच गाभा, लांबी ३०० मीटर, तळ ० पासून सरळ उतरत ८ मीटर खोलीपर्यंत. मधली खोली ४ मीटर धरली तर येतात ३८,८०० घनमीटर. फक्त दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ४६,०००. खरं उत्तर आहे ४१,२००. एका पद्धतीत २,४०० कमी पडतात आणि दुसरीत ४,८०० जास्त येतात. सेक्शन २० मीटरवर घेतले की दोन लगतच्या सेक्शनची सरासरी चालते, चूक नगण्य होते. तळ खडकाळ, वरखाली असेल तर १० मीटरवर घ्या, नाहीतर जिथे तळ मोडतो तिथे एक जादा सेक्शन टाका.

सर्व्हे जुना असेल तर मान्य करू नका. एक पावसाळा मधे गेला असेल तरी वाळूचा तळ हललेला असतो. काम सुरू व्हायच्या आधी काँट्रॅक्टर आणि खातं दोघांनी मिळून सर्व्हे करायचा आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या, पुढे बिलाच्या वेळी याच कागदावर सगळं उभं असतं.

४. बाहेरचे थर: आधी वजन तपासा, मग जाडी, मग नग

वजन डिझाइनमध्ये दिलेलं असतं, तरी हडसनच्या सूत्राने एकदा पडताळून बघा. सोप्या शब्दांत: दगडाची घनता गुणिले लाटेच्या उंचीचा घन, याला भागायचं तीन गोष्टींच्या गुणाकाराने, एक केडी, म्हणजे दगड किंवा नग लाटेत किती टिकून राहतो त्याचा गुणांक, दुसरं (दगड समुद्राच्या पाण्याच्या किती पट जड, वजा १) याचा घन, आणि तिसरं उताराचा कोट (कोटँजंट, म्हणजे १ ला १.५ उताराला १.५). फुटणाऱ्या लाटेत दोन थरांच्या ओबडधोबड दगडाला केडी २ धरतात, टेट्रापॉडला ७, आणि टोकाला १ ला १.५ उतारावर टेट्रापॉडला ५.

२.७ घनतेचा काळा दगड, उतार १ ला २, लाट २.५ मीटर: उत्तर येतं २.४ टनाचा दगड. लाट ३ मीटर केली की ४.२ टन. लाट २० टक्के वाढली तर दगड ७३ टक्क्यांनी जड झाला, कारण घन आहे. म्हणून डिझाइनची लाट कुणी मधेच बदलली तर "थोडासाच फरक आहे" असं समजू नका, सगळं एस्टिमेट परत करा.

४ टनाचे दगड शेकड्याने देणारी खाण शोधायला गेलात तर दमछाक होते. म्हणून तिथे टेट्रापॉड येतात. तीच ३ मीटरची लाट, २.४ घनतेचं काँक्रीट, उतार १ ला १.५, तर सरळ भागात २.६ टन आणि टोकाला ३.६ टन येतं, म्हणजे ३ टन आणि ४ टनाचे नग घ्यायचे.

आता नग. ३ टनाचा टेट्रापॉड म्हणजे १.२५ घनमीटर काँक्रीट. दोन थरांची जाडी येते २.२४ मीटर, पोकळी ५० टक्के, आणि १०० चौरस मीटरला साधारण ९० नग. हे क्षेत्रफळ उतारावरचं घ्यायचं, प्लॅनमधलं नाही! १ ला १.५ उतारावर १ मीटर उंचीला उताराची लांबी १.८ मीटर पडते. आर्मर ४ मीटर खोलीपासून ६ मीटर उंचीपर्यंत असेल तर १० मीटर उंची, म्हणजे लांबीच्या प्रत्येक मीटरला १८ चौरस मीटर. सरळ भाग २५० मीटर धरला तर ४,५०० चौरस मीटर, म्हणजे ४,०४० नग आणि ५,०५० घनमीटर काँक्रीट. उचलताना पाय तुटलेले २-३ टक्के नग वेगळे धरा, तुटलेला नग परत चिकटवून लावायचा नसतो.

खालचा मध्यम थर आर्मरच्या एक दशांश वजनाचा, इथे ३०० किलोचा. दोन दगडांचा थर म्हणजे जाडी ९६ सेंटिमीटर, पोकळी ३७ टक्के, चौरस मीटरला १.६ टन. हा थर एस्टिमेटमध्ये छोटा दिसतो म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि साइटवर नेमका हाच साइझ मिळत नाही, कारण खाणवाल्याला तो फोडून खडी करणं परवडतं. त्याला आधीच बाजूला काढून ठेवायला सांगा.

५. टेट्रापॉडसोबत काय काय लागतं

सिमेंट घनमीटरला ३५० किलो धरलं तर ५,०५० घनमीटरला ३५ हजारांवर गोण्या. वाळू खाडीची नको, मीठ असतं, क्रश सँड धरा. पाणी गोडं लागतं, मिक्सिंगलाच ९०० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटरचे ९० टँकर, आणि क्युरिंगला त्याच्या कितीतरी पट. कोकणात एप्रिल-मेमध्ये गावाच्या विहिरी आटलेल्या असतात, तेव्हा पाणी कुठून आणणार याचं उत्तर एस्टिमेटमध्येच पाहिजे. गावाच्या पाण्यावर हात मारून काम करू नका, आणि ते टिकतही नाही.

साचे: पावसाळा सोडून कामाचे २०० दिवस मिळाले तर रोज २० नग ओतावे लागतात. साचा दुसऱ्या दिवशी निघतो, साफसफाई-तेलपाणी धरून ३० तरी साचे ठेवा. आणि जागा! १.६५ मीटर उंचीचा हा नग ठेवायला ४ चौरस मीटर लागतात, म्हणजे हजार नगांना एक एकर. बंदराजवळ एक मोकळा एकर मिळणं किती अवघड आहे ते तिकडच्या माणसाला विचारा, जाळी सुकवायची जागा पण तीच असते. गावाशी आधी बोलून घ्या.

६. घनमीटर, टन, ब्रास: तीन मापं, तीन माणसं

ड्रॉइंग घनमीटरमध्ये बोलतं, वजनकाटा टनात, आणि रॉयल्टी ब्रासमध्ये. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर.

गाभ्यात ३५ टक्के पोकळी धरली तर २.७ चा दगड जागेवर घनमीटरला १.७५ टन बसतो. म्हणजे आपले ४१,२०० घनमीटर म्हणजे ७२,१०० टन. नवखा माणूस हमखास २.७ ने गुणतो आणि १ लाख ११ हजार टन काढतो, किंवा उलट, खाणीवर टन विकत घेतो आणि त्या टनांना २.७ ने भागून घनमीटर कमी धरतो. डंपरमध्ये दगड आणखी सैल असतो, घनमीटरला १.६ टनाच्या आसपास, म्हणजे ब्रासला साडेचार टन. या हिशोबाने १६,००० ब्रासची रॉयल्टी. हे १.६ आणि १.७५ माझे आकडे आहेत, तुमच्या खाणीच्या दगडाचे तुम्ही काढा: एक डंपर काट्यावर तोला, हौदा टेपने मोजा, असे दहा डंपर करा आणि सरासरी घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

१६ टनाचा डंपर धरला तर ७२,१०० टनाला ४,५०० फेऱ्या. गावातून रस्ता असेल, शाळा सुटायच्या वेळा असतील, अरुंद पूल असेल तर फेऱ्या दिवसाला किती होतील हे एकदा स्वतः डंपरात बसून बघा.

७. टोक विसरू नका

लांबी ३०० मीटर म्हटलं की ३०० ला सेक्शन संपवतात आणि गोल टोक राहूनच जातं. टोक म्हणजे अर्धा छाटलेला शंकू. वरच्याच उदाहरणात ८ मीटर खोलीवर माथ्याची त्रिज्या ३ मीटर, उंची ११.५, पायाची त्रिज्या २०.२५, तर अर्ध्या शंकूचं घनफळ २,९०० घनमीटर. नुसत्या गाभ्याचे ५,००० टन, जे लांबीत कुठेच दिसत नाहीत! वर तिथला आर्मर जड, कधी उतारही जास्त सपाट. टोकाला वेगळं शीट करा.

८. खाण काय देते ते बघा

डिझाइनला पाहिजे म्हणून खाण मोठा दगड देत नाही, कातळाला ज्या भेगा असतील त्याप्रमाणे तुकडे पडतात. ट्रायल ब्लास्ट घ्या आणि पडलेला माल साइझप्रमाणे वेगळा करून तोला. समजा १०० टनात ८ टनच मोठा दगड निघाला आणि तुम्हाला ८,००० टन आर्मर पाहिजे, तर १ लाख टन फोडावा लागेल. त्यातला गाभ्याला किती खपेल, उरलेला कुठे जाईल, हे जुळतंय का बघा. नाही जुळलं तर कन्सल्टंटला लवकर सांगा, अजून टेट्रापॉडवर जाता येतं.

जांभा कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका. घराच्या भिंतीला उत्तम, पण हलका आणि सच्छिद्र आहे, लाटेत झिजतो. तसंच मांजऱ्या दगड आणि पांढऱ्या गाठी-ठिपके असलेला काळा दगड, वरून चांगला दिसतो आणि उन्हापाण्यात फुटायला लागतो. गाभ्यात माती आणि मुरूम येतोय का बघत राहा, तो काट्यावर वजन दाखवतो आणि पहिल्या उधाणाला धुऊन जातो, पैसे तुम्ही टनाचे दिलेले असतात.

९. खचणं आणि वाया जाणं

तळाला चिखल असेल तर दगड रुततो. किती ते बोअरहोलच्या रिपोर्टवरून कन्सल्टंटकडून लेखी घ्या आणि ती जादा उंची सरळ सेक्शनमध्ये धरा, टक्केवारीत ढकलू नका. खाली जिओटेक्स्टाइल असेल तर पाण्यात १ मीटर ओव्हरलॅप लागतो, ५ मीटरच्या रोलची ४ मीटरच रुंदी कामाला येते, म्हणजे २५ टक्के कापड जास्त. याशिवाय बार्जमधून टाकताना रेषेबाहेर पडणारा दगड, यासाठी मी गाभ्यावर ५ टक्के वेगळी ओळ ठेवतो. सगळं एकाच "वेस्टेज १५ टक्के" मध्ये घालायची सवय मला आवडत नाही, कारण नंतर कमी पडलं की नक्की कशामुळे ते कळत नाही.

१०. पावसाळ्याचा हिशोब आधीच

जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्रात काम बंद. मे संपताना जेवढा गाभा उघडा असेल तेवढा धोक्यात, कारण गाभ्यातला दगड त्या लाटांसाठी बनवलेलाच नसतो, एका उधाणात मीटरच्या मीटर पसरतो. म्हणून महिन्यांचा तक्ता करा: गाभा किती मीटर पुढे, मध्यम थर किती, आर्मर किती, आणि १५ मेच्या पुढे नवीन गाभा टाकायचा नाही असं ठरवून टाका. अर्धवट टोक झाकायला तात्पुरता मोठा दगड लागतो, तो किती टन ते वेगळं लिहा. ऑक्टोबरमध्ये त्यातला बराचसा उचलून पुढे वापरता येतो, पण सगळा नाही.

ऑक्टोबरला समुद्र शांत झाला की दगडाचा पहिला डंपर सोडायच्या आधी त्याच सेक्शनवर परत सर्व्हे घ्या, मेच्या सर्व्हेवर ठेवून बघा, आणि जो फरक येईल तो नवीन सीझनच्या शीटमध्ये पहिल्या ओळीत टाका.